डाव्या कोनाड्यातला माणूस

पुणे
१८ जानेवारी १९९९

प्रिय काकादादा,

सप्रेम नमस्कार. नीट पोचलास ना? येताना मोसंबीच्या ट्रकात पुढे बसायला मिळालं होतं, जाताना काय झालं? तुला त्या संगणकाच्या खेळघरात नेलं म्हणून तू अजून फुगलेला असशील, हे मी पैजेवर सांगते. डोळ्यांपुढे चित्रं दाखवणारं ते डोक्यावरचं टोप काढलंस, "शुद्ध फसवाफसवी हाय" म्हणालास आणि चहासुद्धा न घेता तडक बाहेर पडलास. मी चप्पल शोधत तुझ्या मागे.

आता कामाचं. मी ज्या संगणकाच्या मासिकात नोकरी करते, तिथे याच खेळावर एक लेख करायचाय. इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला 'तळघर' म्हणतो. तीन वर्तमानपत्रांच्या समीक्षकांनी त्याच्यावर लिहिलंय आणि तिघांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. एकच खेळ, एकच टोप, आणि तिघं जणू तीन गावांना जाऊन आलेत. ही तीन परीक्षणं शेजारी शेजारी ठेवून लोक खेळ कसा पारखतात ते मी लिहिणार आहे. संपादक म्हणाले, चौथा माणूस असा हवा ज्यानं आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही. मी म्हटलं, आहे ना! माझा राखीभाऊ, घनसावंगीचा जीपवाला.

तर लिही. सजवू नकोस. काय दिसलं, भीती वाटली का, कशाची वाटली, एवढंच. मी स्वतः चाळिशीची बाई किंचाळले आणि समोरच्या कठड्याला लाथ मारून अंगठा सुजवून घेतला. नंतर दोन रात्री दिवा चालू ठेवून झोपले. त्यामुळे तू घाबरला असशील तर लाजू नकोस.

घनसावंगीला तुमच्या घरात अकरा वर्षं बिऱ्हाड होतं आमचं. माझे वडील, भाऊ, शाळेत शिकवायचे आणि मी तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून गाव पालथं घालायचे. तेवढ्या हक्कानं मागतेय. साळूवहिनींना नमस्कार.

तुझी
शरयू

&nbsp;

मळा, घनसावंगी
३० जानेवारी ९९

चि. शरयूताईस काकासाहेबाचा नमस्कार.

पत्र भेटलं. लिही म्हणतीस तं लिहितो, पण मंग हसू नको.

टोप घातलं की आंधार झाला. मंग एकदम इटांचं तळघर, लांबलचक बोळ. खाली पाणी साचल्यावानी चमकून राह्यलं. उजव्या भितीला मशाली. हातात त्यानं दांडा देल्ता, तो पुढं केला की आपुन चालतो. मी नाकासमोर निघालो. डायवर माणूस, मला इकडं तिकडं माना वेळावायची सवय न्हाई. बराबर चाल्लो होतो. आन एकाएकी सगळं लालेलाल! कानात कुणीतरी खदाखदा हसलं. मेलो म्हणे.

आरं, मारलं कोणी? कुणी आलंच न्हाई तं मेलो कसा? पुन्यांदा चालू केलं. पुन्यांदा तेच. चार बार मेलो ताई, आन चारी बार मारणाऱ्याचं नख दिसलं न्हाई. समोर आला असता तं कॉलर धरली असती. चोवीस वर्सं झाली गाडी हाणून राह्यलो, आजवर कुत्रं चाकाखाली आलं न्हाई माझ्या. आन तिथं चार बार मेलो!

म्हणून म्हणलं फसवाफसवी. ज्या खेळात मारणारा दाखवीत न्हाईत तो कसला खेळ.

भीतीचं इचारलं तं खरं सांगतो. तिथं न्हाई वाटली, राग आला. घरी आल्यावर वाटली. बाजंवर पडलो की वाटतं, हितं कुणीतरी हाय, माझ्या जवळच हाय, आन मला तेवढं दिसून न्हाई राह्यलं. उठून बसतो. साळू म्हणती, पाणी प्या. पाणी पितो. पुन्यांदा तसंच. आता पंचेचाळीस वर्साचा गडी मी, हे कोणाला सांगू? तुला सांगितलं.

बाकी ठीक. लोकं बोलून राह्यलेत की काकासाहेबाला गर्व चढला, रस्त्यात हात केला तरी जीप थांबवीत न्हाई. बिलकुल खोटं. कोणी हातच करीत न्हाई तं थांबू कोणासाठी? साळूचं बी काय बिनसलं कळंना, दोन तीन महिने झाले ताटात ठेचा वाढणं बंद केलंय. इचारलं तं नुसती बघती. अक्षर जुळायला तरास होतो आजकाल, चाळिशीचा चष्मा आणावा लागंल.

तुझा दादा
काकासाहेब

&nbsp;

पुणे
१२ फेब्रुवारी १९९९

प्रिय काकादादा,

अरे, तू तर आम्हा सगळ्यांच्या तोंडात मारलीस! संपादकांनी तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग म्हणाले, "हे जसंच्या तसं छापा, एक काना बदलू नका."

सांगते का ते. मुंबईच्या इंग्रजी पेपरवाल्याला तळघर पोरकट वाटलंय. पुण्याच्या दैनिकातल्या बाईंच्या अंगावर काटा आला, त्या सगळं स्वतःच्या घामाबद्दल लिहितात. दिल्लीच्या पाक्षिकातला गृहस्थ चित्रांच्या चुका काढत बसलाय, त्याला हसू आलं. तिघांनी मिळून अकरा कॉलम लिहिले, पण भीती म्हणजे काय ते एकालाही धड सांगता आलं नाही. आणि तू दोन वाक्यांत सांगितलंस. 'हितं कुणीतरी हाय, आन मला तेवढं दिसून न्हाई राह्यलं.' दादा, मला सुचलं असतं ना तर मी महिनाभर मिरवलं असतं! मारणारा दाखवायचाच नाही, ही तुझी युक्ती फार भारी आहे. लेखाचं नावच 'न दिसलेला मारेकरी' ठेवलंय.

एक मात्र विचारायचंय, कागद इतका स्वस्त झाला का रे घनसावंगीत? अर्धं पान कोरं सोडून उजव्या कडेला दाटीवाटीनं लिहिलंयस. आमचा अक्षरजुळणीवाला म्हणाला, हा माणूस कवी असावा.

वहिनींना छळू नकोस. ठेचा नसेल तर मिरची उचल आणि खा.

तुझी
शरयू

&nbsp;

मळा
१ मार्च ९९

चि. शरयूताईस नमस्कार.

अंक अजून आला न्हाई. हिकडं एक वाईट झालं. आमच्या वाटंवरचा कडूबा, तुला आठवंल, पोळ्याला ज्याचा बैल मानाचा म्हणून पुढं असायचा तो. सतरा तारखेला दिवस मावळता तीर्थपुरीच्या रस्त्यानं घरी चाल्ला होता. कुण्या गाडीनं उडीवला. मांडी मोडली, दंडाचं हाड मोडलं. गाडीवाला थांबला सुदिक न्हाई. त्याला बाजंवर घालून नेलं लोकांनी.

माझं आन कडूबाचं पोळ्यापासून वाकडं हाय. कोणाचा बैल आधी वेशीतून जायचा यावरनं मी त्याला भर बाजारात नाही नाही ते बोलल्तो. पण म्हणून काय झालं, जनावर बी असं सोडून जात न्हाई कोणी. मी स्टँडवर सगळ्यांपुढं म्हणलं, तो डायवर सापडला तं त्याचे हात तोडा. मी तं बघायला बी जाणार होतो, पण त्याच्या घरून निरोप आला, येऊ नका. इतकं कशाला ताणावं माणसानं? तोंडातनं बोल गेला म्हणजे काय जलमभर वैर?

त्याच दिवशी माझ्या गाडीचा बी डाव्या हाताचा आरसा गेला, बाभळीची फांदी लागली वाटतं. नवीन बसवायचाय.

तुझा
काकासाहेब

&nbsp;

पुणे
८ मार्च १९९९

प्रिय काकादादा,

सोबत अंक. पान बावीस. तुझं नाव बघ किती ठळक छापलंय! तिन्ही परीक्षणं पूर्ण दिली आहेत आणि चौथं तुझं. वाचकांची पत्रं यायला लागली आहेत. नाशिकच्या एका वाचकानं लिहिलंय, तिघांपेक्षा हा जीपवाला बरा.

कडूबाचं ऐकून वाईट वाटलं. तो फार हसरा होता, मला बोरं द्यायचा. पोलिसांना काही कळलं का? गाडी कुठली होती, कुणी पाहिलं नाही का? आणि "येऊ नका" म्हणाले म्हणून तू चिडू नकोस, दुखण्यातला माणूस आहे तो.

घाईत आहे. वाचून झाल्यावर लगेच कळव, तिघांपैकी कोण खरं बोलतोय असं तुला वाटलं ते.

तुझी
शरयू

&nbsp;

मळा
१६ मार्च ९९

शरयूताई,

तू इचारलं तिघांत खरं कोण बोलतंय. तेच लिहायला बसलो.

मला बारीक अक्षर लागंना म्हणून भुजंग गुर्जीला बोलावलं. त्यानं पाराजवळ बसून मोठ्यानं वाचलं, धा पंधरा जण जमल्ते. मुंबईवाल्याचं पहिलं वाचलं. तो म्हणतो, डाव्या हाताच्या चौथ्या कोनाड्यातनं राखी झग्यातला माणूस निघतो, तो धा पावलावरून दिसतो, लेकरू बी त्याला चुकवील, मंग भ्यायचं कशाला. लोकं हसले. मी बी हसलो. म्हणलं, थापा मारतो.

मंग पुण्याच्या बाईचं वाचलं. ती म्हणती, डावीकडून तो हळूहळू हात वर करत येतो ते बघवत न्हाई. मंग दिल्लीवाल्याचं. तो म्हणतो, डावीकडच्या माणसाचं कोपर चुकीचं काढलंय, हात बांबूवानी दिसतो.

ताई, मंग मला हसू न्हाई आलं.

आता बघ. पंगतीत तिघं जेवले. एक म्हणला वरण खारट, एक म्हणला अळणी, एक म्हणला करपलं. भांडू दे. पण तिन्हीबी म्हणून राह्यलेत ना की वरण होतं? आन मी एकटाच म्हणून राह्यलो, वरण वाढलंच न्हवतं. मंग येडा कोण?

गुर्जी माझं वाचायला लागला तं मी म्हणलं, राहू दे. अंक हिसकून घेतला आन घरी आलो.

मला एवढंच जल्दी कळव. मी गेल्तो त्या दिवशी ते टोप बिघडलं होतं का? डावीकडचा काच फुटला होता का? तसं असंल तं सांग, माझा जीव भांड्यात पडंल. तिथं जाऊन इचार. स्वतः घालून बघ. दुसऱ्याचं ऐकू नको.

बाकी कोणाला बोलू नको. पाडवा आला, मंग लगेच रामनवमी. जांबला समर्थाच्या मंदिराला फेऱ्या लागतील. धा गावच्या लोकांला शब्द देल्ला हाय.

काकासाहेब

&nbsp;

पुणे
२२ मार्च १९९९

काकादादा,

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी हातात पडलं. कालच खेळघरात जाऊन आले. टोप बिघडलेलं नव्हतं. त्या दिवशी तुझ्या आधी मी घातलं होतं, हे तू विसरलास आणि मीही विसरले. किंचाळले ती त्यालाच बघून. डावीकडचा चौथा कोनाडा. काल पुन्हा घातलं. तो तिथंच आहे, दादा. येताना इतका स्पष्ट दिसतो की मुंबईवाला खरं बोलतोय.

टोपवाल्याला तू आठवतोस. तो म्हणाला, "वो चाचा बाएं तरफ देखते ही नहीं थे. मैं चिल्लाता रहा." मी तेव्हा दाराशी उभी राहून हसत होते. म्हटलं, दादा हट्टी आहे.

घरी येऊन तुझी सगळी पत्रं पलंगावर मांडली. तिन्ही पत्रांत डावीकडचं अर्धं पान कोरं आहे. मागच्या वर्षीच्या राखीच्या उत्तरात नव्हतं, तेही काढून पाहिलं. मी त्याच्यावर विनोद केला, रे. छापखान्यात सगळ्यांना दाखवून हसले. तुझ्या दुखण्याला मी युक्ती म्हटलं, त्याचा मथळा करून छापला. मला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटतंय.

तुझी डावी बाजू जाते आहे किंवा गेली आहे. कशानं ते डॉक्टर सांगतील. लोक हात करतात, दादा. तुला दिसत नाहीत. हात करणारे डाव्या कडेला उभे असतात ना!

हात जोडते, गाडीला हात लावू नकोस. रामनवमीच्या फेऱ्या कुणा दुसऱ्याला सांग. शब्द मोडला तर मोडू दे. हे पत्र गुरुवारपर्यंत पोचेल याची खात्री नाही, म्हणून आज सकाळी तार केली आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी लिहीत नाही. सतरा तारीख आणि तुझा आरसा. तू स्वतः विचार केलाच असशील. देव करो आणि मी चुकीची असो.

शरयू

&nbsp;

तार
पुणे, २२ मार्च

जीप चालवू नकोस. डोळे तपास. पत्र येत आहे. शरयू

&nbsp;

पुणे
२६ मार्च १९९९

दादा,

तारेचं उत्तर नाही. काल रामनवमी. सकाळी नऊला स्टँडवरच्या बूथवर फोन लावला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "काकासाहेब व्हय? गाडी भरून जांबला गेले की," आणि लाइन तुटली. नंतर दिवसभर लागला नाही.

जांबच्या रस्त्यावर काल किती माणसं असतील! बायका, कडेवर लेकरं, सगळे रस्त्याच्या कडेनं चालत. मला एकसारखं तेच दिसतंय. आज पेपर आला तर मराठवाड्याचं पान उघडायचं धाडस होईना. शेजारच्या रजनीताईंना म्हटलं, तुम्ही बघा. त्यांनी पाहिलं, काही नव्हतं. पण उद्याचा पेपर आहे ना. मी उद्या निघायचं बघते, रजा मिळाली नाही तर न सांगता निघेन.

वहिनी, हे तुमच्या हातात पडलं तर तुम्ही लिहा. दोन ओळी लिहा. काहीही असो, लिहा.

शरयू

&nbsp;

मळा
२७ मार्च ९९

शरयूताईस अनेक आशीर्वाद.

मी जित्ता हाय आन माझ्या गाडीखाली कोणी आलं न्हाई. आधी हे वाच, मंग बाकीचं.

स्टँडवर निरोप भेटला की पुण्याहून बाईचा फोन सारखा येऊन राह्यला. येऊ नको इतक्यात. सांगतो सगळं. माझा चुलतभाऊ कचरू उद्या सकाळी पुण्याच्या बशीत बसून राह्यलाय, त्याच्याच हाती पत्र देतो, म्हणजी जल्दी भेटंल.

पाडव्याला साळूनं ताट वाढलं. मी म्हणलं, सणाच्या दिशी बी ठेचा न्हाई, कोशिंबीर न्हाई? तिनं माझ्याकडं बघितलं आन रडायलाच लागली. म्हणली, "रोज वाढते हो मी. तुम्ही रोज तसंच टाकून उठता. मला वाटलं माझ्यावर रुसले." मंग तिनं माझं ताट धरून गरकन फिरवलं. जे डाव्या हाताला होतं ते उजव्या हाताला आलं. ठेचा, लोणचं, कोशिंबीर, मिठाची चिमूट, सगळं होतं तिथं. ताई, वाघ बघून भेलो नसतो इतका मी त्या ठेच्याला भेलो.

म्हणजी मला पाडव्यालाच कळल्तं. तरी रामनवमीला गाडी काढली. तुझ्यापाशी खोटं बोलत न्हाई. मनात म्हणलं, मान वळवून वळवून चालवीन. चोवीस वर्साचा डायवर मी, घरी बसून काय करू? साळूला शेजारी बसवलं आन अकरा माणसं भरून निघालो. बैलगाडीच्या चालीनं नेली. लोकं मागून शिव्या देऊन राह्यले. जांबच्या अलीकडं गर्दी लागली. उजव्या हाताची माणसं दिसायची. डाव्या हाताला बघावं तं रस्ता मोकळा. इतका मोकळा! आन साळू माझा दंड दाबून ओरडायली, "थांबा, थांबा, लेकरू हाय!" मी मान वळवली. लालभडक टोपीचं लेकरू चाकापासून हातभर होतं. तोवर ते जगात न्हवतंच माझ्यासाठी.

तिथंच रस्त्याच्या मधी गाडी बंद केली. चावी काढून साळूच्या पदरात टाकली. अकरा जण बोंबलत उतरले. मी खाली उतरून चाकाला टेकून बसलो. मागून कचरू गाडी घेऊन आल्ता, त्यानं माझी गाडी घरी आणली. दाराच्या कडीला तुझी तार अडकवलेली होती. आम्ही शेतात असताना पोस्टमन कवा तरी ठिवून गेल्ता.

काल जालन्याला मोठ्या डॉक्टराला दाखवलं. डोळे चांगले हायेत म्हणला. दिवाळीत दोन दिवस माझा डावा हात बधिर पडल्ता, मी म्हणलं थंडीनं असंल. तवाच डोक्यात उजव्या अंगाची शीर बंद पडली, म्हणून डोळ्याला दिसतं पण डोकं डावी बाजू धरीतच न्हाई. गेलं ते परत येईलच असं न्हाई. गाडी बंद, कायमची. त्यानं एक इलम सांगितला. कागदाच्या डाव्या कडंला लाल रेघ ओढायची आन ती रेघ सापडल्याबिगर ओळ सुरू करायची न्हाई. साळूनं ओढून देल्ली, बघ, आज पान पुरं भरलंय. बाजंवर वाटायचं ना कुणीतरी हाय म्हणून, ते अजून वाटतं. पण आता मान वळवून बघतो.

आता कडूबाचं. तू लिहिलं न्हाई ते मी बी आठ दिवस मनात आणलं न्हाई. काल जालन्याहून आलो आन तसाच त्याच्या घरी गेलो. साळू म्हणली, मी येते. म्हणलं, न्हाई.

मला वाटंत बघूनच त्याच्या बायकोनं, बेबीनंदानं, लेकरांला आत घेतलं आन दार लोटलं. मी वसरीवर उभा. म्हणलं, मारायला न्हाई आलो, सांगायला आलोय. कडूबा आतून म्हणला, "येऊ दे त्याला, काय व्हायचं ते एकदाचं होऊ दे."

मी उंबऱ्यापाशीच बसलो. सगळं सांगितलं. ते टोप, तळघर, कोनाड्यातला माणूस, ठेचा, लेकराची टोपी, डॉक्टर. म्हणलं, सतरा तारखेला तुला उडीवणारी गाडी माझी होती. मला कळलं न्हाई. फांदी लागली म्हणून मी पुढं गेलो आन वरतून स्टँडवर म्हणलं, त्या डायवराचे हात तोडा.

त्यानं लेकरांला आतल्या खोलीत धाडलं. मंग म्हणला, "मला तवाच म्हाईत होतं. तुझी गाडी मी वळखली, तुझं तोंड बी बघितलं. तू सरळ समोर बघत व्हतास, जसा मी तिथं न्हाईच. भर बाजारात म्हणल्ता ना तू, रस्त्यात दिसलास तं उडवून देईन? मला वाटलं, ह्यानं शब्द खरा केला."

ताई, हे मी तुला लिहिलं न्हवतं. पोळ्याच्या भांडणात मी हेच बोलल्तो.

तो म्हणला, "पोलिसांला नाव सांगितलं न्हाई. म्हणलं, सांगितलं तं उरलेलं बी पुरं करशील. सवा महिना झाला, रस्त्यावर जीपचा आवाज आला की ही लेकरांला घरात घेती."

मी इकडं न दिसणाऱ्याला भिऊन बाजंवर उठून बसत होतो, आन एक घरच्या घर मला भिऊन दार लावून बसल्तं. माझ्यानं रडणं आवरलं न्हाई. म्हणलं, सोमवारी भुजंग गुर्जीला घेऊन ठाण्यात जातो आन सगळं लिहून देतो, मंग काय व्हायचं ते होवो.

बोलताना मी त्याच्या आवाजाकडं तोंड करीत होतो, पण तो मला नीट सापडंना. मधूनच नजरेतनं जायचा. बाज माझ्या डाव्या अंगाला होती. ते त्याला कवा कळलं कोण जाणे. बेबीनंदाला म्हणला, कुबडी दे. ती म्हणली, उठू नका, हाड जुळलं न्हाई अजून. तरी उठला. दात खाऊन, भितीला धरत, एकेक पाऊल टाकत माझ्यामागून गेला आन माझ्या उजव्या हाताला येऊन भुईवर बसला.

"दिसतो का आता?" म्हणला.

तुझा दादा
काकासाहेब